खोलीत कोनी हाय काय

माह्यं नाव बेबी.
सात बहिनीच्या मांगून झाली,
तवा बापाजवळचे नावं सरले होते.
मंग ठेवू म्हने एखांदं चांगलं.
ठेवलंच नाई.

आता साठीले दोन कमी,
अन् निळ्या बँकेचा मोबाइल म्हनते,
खातेदार अज्ञान आहे, पालकाची सही जोडा.
मले वाटलं शिवीच देते.
आचल हासता हासता वसरीत आडवी झाली.
अज्ञान म्हनजे लहान लेकरू, आजी.
म्हटलं, हास, पन पालक कुठून आनू ते सांग.

दोन बोकड इकले होते दारव्ह्याच्या बजारात.
पैसे ज्वारीच्या कोठीत.
कोठीचं झाकन करकरते,
अन् घरातल्या साऱ्याईले समजते
बेबीनं पैसे काढले.
म्हनून पायजे होतं मले खातं,
झाकनाचा आवाज येत नाई असं.

लाल बँक म्हने, आकडा पाठवला, तो टाका.
आकडा गेला धनराजच्या फोनवर, चाकनले.
धनराज कंपनीत, फोन गेटावर जमा.
रात्री अकराले त्यानं आकडा सांगतला,
तवा तो शिळा झाला होता.
भाकर शिळी झाली त कुस्करून खाता येते.

हिरवीनं फोटो काढला,
पापनी लववा म्हने, लववली,
मान हालवा म्हने, हालवली.
मंग म्हने आधारवर तुम्ही बेबीबाई,
पॅनवर नुसत्या बेबी,
हे बाई कुठून आली त्याचा पुरावा द्या.

त्याच्यापेक्षा दारव्ह्याची जुनी बँक बरी.
पाच चकरा होतात, यष्टीचे पैसे जातात,
पन सायब जेवाले गेला
त त्याचा डबा तरी दिसते.
भांडता येते.
शिपाई म्हनते, बसा मावशी, पानी घ्या.
मोबाइल नुसता गोल गोल फिरते रवीसारखा,
अन् लोनी काई येत नाई.

रायली पिवळी.
तिच्यात एक पोरगी दिसते, खरीखुरी,
गयात पट्टा, मांगं कोरी भित.
नमस्कार बेबीजी, म्हने.
बेबीजी!
तुमच्यासोबत खोलीत कोणी आहे का?
होतं ना. आचल होती, सून होती,
यायले पंखा बंद करा लागते तो कारभारी दारात,
शेजारची गयाबाई, तिचा नातू,
अन् एक पाठ, जिले कोनी बोलावलं नवतं.

कोणीच चालणार नाही, पोरगी म्हने.
तुम्ही एकट्याच पाहिजे. दार लावून घ्या.

कारभारी म्हने, मी बी?
म्हटलं, बँकेचा नेम हाय.

एक्केचाळीस वर्स झाले माह्या लग्नाले.
त्या दाराची आतली कडी
मी त्या दिवशी पयल्यांदा लावली.
गंजली होती. सरकेच ना.
पायलीच्या बुडानं ठोकली तवा बसली.

पोरगी म्हने, पांढऱ्या कागदावर सही दाखवा.
दाखवली.
कार्ड कपाळाजवळ धरा.
धरलं.
आता तुमची जन्मतारीख...
अन् तिचं तोंड तसंच उघडं रायलं.
रेंज गेली.

मी उठली नाई.
कवेलूच्या फटीतून ऊन
माह्या पायाच्या आंगठ्यावर पडलं होतं.
ते पाहत बसली.
जोडवं किती झिजलं, कधी पायलंच नवतं.
बाहीर कारभारी खाकरला.
गयाबाई म्हने, बँक झोपली का बेबी?
पाठ दाराले डोकं घासे.
पोरगी तशीच तोंड उघडं ठेवून
माह्याकडं पाहत,
जशी माह्या जन्माची तारीख
तिच्याच व्हटावर अडकली.

झालं काय?
कारभाऱ्यानं दार वाजवलं.

केशरी बँक रायली हाय अजून.
एक जांभळी बी हाय म्हने.

नाई, म्हटलं.
चालू हाय.